तेलाचे डबे आणि सोडलेली अक्षरं

शाळेच्या स्टाफरूममध्ये चहाचे कप कोणत्या क्रमानं फिरतात ते बघा, म्हणजे त्या शाळेची सगळी राज्यघटना कळते. आधी हेडसर, मग गणित, मग इंग्रजी, मग बाकीचे विषय, मग पीटीचे सर. त्यानंतर किटलीत काही राहिलं तर मी. मी ड्रॉइंग मास्तर. नोकरीची पहिली काही वर्षं मी बहुतेक चहाची पूडच प्यायलो. तक्रार नाही. पुडीचा रंग कागदावर फार सुरेख उतरतो.

माझा धंदा काय, ते आधी सांगतो. लोकांना वाटतं, ड्रॉइंग मास्तर म्हणजे आंबा, पपई आणि डोंगरामागचा सूर्य. तेही आम्ही शिकवतो, पोटापुरतं. पण माझा खरा लाडका पाठ वेगळा. पोरांना स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर पाटीवर भलं मोठं, नुसत्या कडेनं काढायला सांगायचं. आत काही करायचं नाही. मग त्या अक्षराभोवती नक्षी भरत जायची. रेघा, ठिपके, खवले, लाटा, कणसं, साखळ्या, हाताला येईल ते. अक्षराच्या कडेला भिडेपर्यंत भरायचं आणि तिथं थांबायचं. सगळी पाटी भरली की मधलं अक्षर आपोआप उठून उभं राहतं. त्याला कुणी हात लावलेला नसतो. मी वर्गात हातवारे करून ओरडायचो, "अक्षर काढू नका रे, अक्षर सोडा." शेजारच्या वर्गातले मराठीचे सर त्यामुळे दचकायचे.

सोपं वाटतं, पण नाही. माणसाला मोकळी जागा बघवत नाही. आठवीतल्या दत्तूला तर मुळीच बघवत नसे. तो नक्षी भरता भरता अक्षरात शिरायचा आणि शेवटी सगळी पाटी अशी काही गच्च करून आणायचा की त्यात अक्षर शोधायला तलाठी बोलवावा लागला असता. मी विचारलं, "दत्तू, यात द कुठं आहे?" तो शांतपणे म्हणाला, "आत दबलाय, सर."

हे सगळं चाललं होतं भूमपासून एसटीनं तासाभरावरच्या एका गावात, बहात्तरच्या दुष्काळात. मी तुळजापूरच्या एका कारकुनाचा मुलगा, वय तेवीस, नोकरी कच्ची, लग्न ठरलेलं. होणाऱ्या सासऱ्यांना माझ्या तोंडून एकच शब्द ऐकायचा होता, पर्मनंट. दर पत्रात ते तब्येतीची चौकशी करून झाली की तो शब्द विचारायचे.

दिवाळीनंतर हेडसरांनी मला बोलावलं. माणूस भला होता; वाईट बातमी देताना चष्मा पुसायचा. त्या दिवशी त्यांनी चष्मा फार वेळ पुसला. म्हणाले, शाळा समितीत विषय निघालाय. पोरं दुष्काळी मदतीची सुकडी खाऊन वर्गात बसतात, आयाबाया खडी फोडायला जातात, अशात चित्रं कशाला, असं मंडळी म्हणतात. जूनपासून ड्रॉइंगची जागा बंद करायचा विचार आहे. निर्णय चेअरमन बप्पांच्या हातात.

चेअरमन बप्पा म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष आणि गावच्या सेवा सोसायटीचेही. बियाणं, खत, पीककर्ज, शाळेचे पत्रे बदलणं, सगळं त्यांच्या मानेच्या हालचालीवर चालायचं. मान खाली गेली की होकार, बाजूला गेली की नकार. माझी नोकरी त्या मानेवर आली होती.

आता पाण्याचं सांगतो. गावच्या विहिरी तळाला गेल्या होत्या. दिवसाआड टँकर यायचा आणि शाळेच्या पटांगणाशेजारी थांबायचा, कारण पक्का रस्ता तिथंच संपायचा. पितळेच्या घागरी बऱ्याच घरांतून तोवर विकल्या गेल्या होत्या. बायका तेलाचे पंधरा किलोचे चौकोनी डबे वापरायच्या, तोंडाशी आडवी काठी ठोकलेले. सकाळी डबे ओळीत ठेवून त्या पाझर तलावाच्या कामावर जायच्या. डबा म्हणजे नंबर. टँकरचा भोंगा वाजला की पळत यायच्या, आणि मग जे व्हायचं ते बघायला आम्ही खिडकीत गर्दी करायचो. सगळे डबे एकसारखे. आपला कोणता, हे कुणालाच कळेना. खूण म्हणून कुणी चिंधी बांधली की ती दुसरी सोडायची. झिंज्या धरण्यापर्यंत मजल जायची. अर्धं पाणी भांडणात सांडायचं.

एके दिवशी खिडकीत उभा असताना मला वाटलं, हा तर माझाच पाठ आहे.

मी बप्पांकडे गेलो आणि सोसायटीच्या गोदामाची दारं रंगवून उरलेला हिरवा ऑइलपेंट मागितला. कशाला म्हणून विचारलं. डब्यांवर नावाची अक्षरं, म्हटलं. बप्पा म्हणाले, "बायकांना वाचता कुठं येतंय, मास्तर?" मी म्हटलं, नक्षी ओळखता येते. मान जरा वेळ अधांतरी राहिली आणि खाली गेली.

दुसऱ्या दिवसापासून आठवीचा वर्ग पटांगणात. शिंदीच्या काडीचं टोक चावून कुंचले केले. खडूनं अक्षराची कड आखायची आणि बाहेर हिरवी नक्षी भरायची. अक्षराला रंग नव्हताच. सोडलेला पत्रा उन्हात असा चमकायचा की लांबून सोनारानं घडवल्यासारखं वाटावं. दत्तूला मी फक्त खडू धरायला दिला.

इथं माझी चूक सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं. पोरं नवखी, घाई फार. म्हणून मी त्यांना सोय करून दिली. एका अक्षराला एकच नक्षी ठरवून टाकली. स ला लाटा, क ला खवले, ग ला साखळी, र ला ज्वारीची कणसं. फळ्यावर तक्ता लावला आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

तोवर पटांगणात डब्यांच्या दोन ओळी असायच्या. एक गावाची, लिंबाखाली. दुसरी बौद्धवाड्याची, पलीकडे उन्हात. आधी इकडं पाणी, मग तिकडं. हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. पण त्यात बदल करायचं कुणाच्या मनातही येत नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं, हे मी आज कबूल करतो.

बदल केला टँकरच्या नळीनं. ती मधेच फाटली आणि निम्मी कापावी लागली. ड्रायव्हर उमरग्याकडचा, तीन भाषांत मिळून बोलणारा. दोन ठिकाणी गाडी लावायला तो तयार नव्हता. सांडलेल्या पाण्याच्या चिखलात चाक रुतलं तर काढायचं कुणी, हा त्याचा प्रश्न. तो टपावर चढून म्हणाला, "एकच लाइन लगाव. नाय तर मैं चला परत." तहानेपुढं कोण काय बोलणार. दोन ओळींची एक झाली.

आठ दिवस सुरळीत गेले. भांडणं थांबली. हेडसरांनी मला आपल्या हातानं चहा दिला, पहिल्या धारेचा. आणि मग एका दुपारी राहीबाई शाळेत आली.

राहीबाई बौद्धवाड्यातली, आमच्या आठवीतल्या कमलची आई. कमल म्हणजे माझ्या वर्गातला सगळ्यात स्थिर हात. तिची रेघ एकदा निघाली की वाकडी होण्याची तिला परवानगीच नसे. आईचा हात वेगळा. खडी फोडून चिरा पडलेला. त्या हातात डबा होता. तिनं तो माझ्या टेबलावर ठेवला. खालून पाणी ठिबकत होतं, माझ्या हजेरीपटावर.

"सर, ह्यो डबा माझा न्हाय," ती म्हणाली. "माझा गळत न्हाय."

मी डबा फिरवून बघितला. र होता, भोवती कणसं होती. म्हटलं, बाई, र आहे, कणसं आहेत.

"कणसं दोन डब्यांवर हायती. म्या पारख केलीय. माझा चांगला डबा चेअरमनच्या घरी गेला अन् त्यांचा गळका मला आला. चार खेपा झाल्या, निम्मंच पाणी घरी जायलंय. माझा डबा मला द्या."

चेअरमन बप्पांच्या आईचं नाव रखमाबाई. गाव त्यांना रखमामाय म्हणायचं. र ला कणसं. माझा तक्ता भिंतीवरून माझ्याकडे बघत होता.

राहीबाई गळका डबा उचलून निघून गेली, पण बोलणं खिडकीतून आधीच बाहेर पडलं होतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. गळक्या डब्याचं कुणी बोललंच नाही. गाव बोलत होतं ते दुसरंच. बप्पांच्या घरानं चार खेपा कुणाच्या डब्यातलं पाणी प्यायलं, ते.

दुसऱ्या दिवशी बप्पांनी मला सोसायटीच्या ओट्यावर बोलावलं. आवाज चढवला नाही. मोठ्या माणसांचा राग असाच असतो, सुपारीसारखा कातरून येतो. त्यांनी सांगितलं ते साधं होतं. बौद्धवाड्याच्या डब्यांना वेगळी खूण पाहिजे. नक्षीभोवती जाड काळी चौकट मारायची, लांबून दिसेल अशी. म्हणजे पुन्हा घोटाळा नको. आणि मग जाता जाता, जणू दुसरंच काही आठवल्यासारखं, "जूनच्या बैठकीत तुमचा विषय हाय, न्हाय का? तेवढं करून टाका. तुमचं बी होऊन जाईल."

मी हो म्हणालो.

हे वाक्य लिहिताना मला अजूनही खुर्चीत नीट बसता येत नाही. बरेच दिवस मी हा किस्सा सांगताना ते वगळायचो. बप्पा म्हणाले आणि मी विचार करतो म्हणालो, असं काहीतरी घुसडायचो. खरं असं की मी लगेच हो म्हणालो. वर धन्यवादही म्हणालो.

त्या दुपारी वर्गात मी काळा ऑइलपेंट आणला आणि मास्तरी आवाजात सांगितलं, काही डब्यांना चौकट मारायची आहे. नावांची यादी वाचली. सात नावं. नावं कुठली आहेत हे आठवीच्या पोरांना सांगावं लागत नाही. कमलनं हात वर केला.

"सर, चौकट सगळ्या चित्राला असती का काहींनाच?"

तिनं टोमणा मारला नव्हता. मीच शिकवलेल्या विषयातला प्रश्न विचारला होता. तिच्या हातात कुंचला तयार होता. मी सांगितलं असतं तर तिनं आपल्या आईच्या डब्यावर, आपल्या त्या न वाकणाऱ्या रेघेनं, चौकट मारलीही असती. मला तेच सहन होईना. मी फळ्याकडे तोंड केलं आणि खडू शोधायचं नाटक केलं. नाटकं मला बरी जमतात. खडू हातातच होता.

वळलो तेव्हा मी वेगळा मास्तर होतो, असं म्हणायला आवडलं असतं. तोच होतो, घाबरलेला. फक्त वात्रटपणा भीतीच्या पुढं गेला होता. मी म्हटलं, "चौकटीशिवाय काम पुरं होत नाही. सगळ्यांना मारा."

आणि जुना तक्ता फाडला, डब्यांवरची जुनी नक्षी रॉकेलनं पुसायला लावली. आता नक्षी अक्षराची नाही, घराची. प्रत्येकानं ज्याचा डबा त्याच्या दारी जायचं, त्या बाईला विचारायचं, तुमची नक्षी कोणती, आणि तीच काढायची. पोरं सुटली. कुणी वाकळेवरचे टाके उतरवून आणले, कुणी पोळ्याला बैलाच्या शिंगाला मारतात ते पट्टे. एका आजीनं सुपाची वीण दाखवली. राहीबाईनं पाझर तलावाच्या बांधावर रचतात ते पिचिंगचे दगड सांगितले. म्हणाली, दिसरात तेच डोळ्यापुढं असतंय.

रखमामायच्या दारी कोण जाणार, यावर वर्ग अडला. तिथं हात सगळ्यात चांगला हवा होता. सगळ्यांनी कमलकडे बघितलं. मी म्हटलं, मी येतो बरोबर. ती म्हणाली, "नको सर. तुमी आलाव तर त्या तुमाशीच बोलतील."

पुढचं मला तिच्याकडून कळलं. ती ओट्याच्या खाली उभी राहिली आणि विचारलं, माय, तुमची नक्षी कोणती. म्हातारी म्हणाली, माझी कसली नक्षी. कमल म्हणाली, हातावर हाय की. रखमामायच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत गोंदण होतं. तुळस, शेजारी विंचू, मनगटाशी ठिपक्यांच्या तीन ओळी. म्हातारीनं आपल्या हाताकडे असं बघितलं, जणू तो कुणीतरी नुकताच आणून दिलाय. मग ओट्याच्या कडेला येऊन बसली आणि हात पुढं धरला. कमल खालच्या पायरीवर बसून त्यांच्या घरातल्या दुसऱ्या, कोऱ्या डब्यावर उतरवत गेली. निम्मं झाल्यावर म्हातारीचा हात अवघडला तर तिनं तो दुसऱ्या हातानं धरला, पण मागं घेतला नाही. विंचवाची नांगी जमली का, तेवढं मधे विचारून घेतलं.

टँकरचा दिवस उजाडला. पटांगणात डब्यांची एक ओळ, आणि प्रत्येक डब्याला जाड काळी चौकट. मी शाळेच्या पायरीवर उभा होतो. सासऱ्यांचं पत्र खिशात होतं.

बप्पा आले. ओळीच्या एका टोकापासून चालायला लागले. पाच डबे बघितले, दहा बघितले, आणि थांबले. बायका कामावरून पळत आल्या होत्या, पदरानं तोंड पुसत होत्या. ड्रायव्हर नळी धरून उभा.

"मास्तर, म्या काय सांगितलं हुतं?"

"चौकट मारा म्हणालात, बप्पा. मारली."

"सगळ्यांस्नी?"

"चौकटीशिवाय चित्र पुरं होत नाही. आमच्याकडे शास्त्रच आहे तसं." असलं शास्त्र कुठंही नाही. पण मी ते अशा गंभीरपणे सांगितलं की मागं उभ्या हेडसरांनीही मान डोलावली.

बप्पांची मान मात्र हलली नाही. त्यांनी सोसायटीच्या शिपायाला हाक मारली, रॉकेल आणि चिंध्या आण म्हणून सांगितलं. पुसा सगळं. नक्षी नको अन् चौकट नको. शिपाई गेला, आला. पहिला डबा हाताशी होता तो नेमका रखमामायचा, कारण तिचा नंबर नेहमी पुढं असायचा. त्यानं चिंधी भिजवली.

म्हातारी काठी टेकत आली. डब्यापाशी उभी राहिली आणि पदर मागं सारून उजवा हात लेकापुढं धरला.

"डब्यावर हाय ते माझं गोंदण हाय. पुसायचं आसंल तर आधी ह्ये पूस."

शिपायानं चिंधी खाली ठेवली. बप्पा आईच्या हाताकडे बघत होते. त्या हाताचं जेवून ते मोठे झाले होते, पण मला वाटतं त्यावर काय गोंदलंय ते त्यांनी त्याच दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं.

तेवढ्यात मागून राहीबाई बोलली. तिला म्हातारीचं कौतुक ऐकायला वेळ नव्हता. तिला कामावर परत जायचं होतं.

"ते पुसा न्हायतर राहू द्या. माझा चांगला डबा त्यांच्या घरी हाय, त्याचं काय?"

रखमामाय वळली. घरात तिच्या कानावर हे कुणी घातलंच नव्हतं. "तुझा हाय व्हय त्यो? मी म्हणलं आमचा गळायचा कसा राहिला." आणि तिनं सुनेला घरी पिटाळलं. डबा आला. राहीबाईनं तो उलटा करून बुड ठोकून बघितलं, उन्हाकडं धरून भोक नाही याची खात्री केली आणि ओळीत ठेवला. ड्रायव्हरनं कुणाला न विचारता नळी सोडली.

ते वर्षभर, टँकर येत होता तोवर, ओळ एकच राहिली. यापेक्षा मोठा दावा मी करणार नाही. पाऊस पडला, विहिरी भरल्या, आणि विहिरीवर पुन्हा जुनंच चालू झालं. ते मोडायला आणखी बरीच वर्षं आणि माझ्यापेक्षा धीट माणसं लागली. आमच्या हिरव्या रंगानं ते झालं असतं तर ऑइलपेंट सरकारनंच वाटला असता.

जूनच्या बैठकीला मी बाहेर व्हरांड्यात बसलो होतो. आतून खुर्च्यांचे आवाज येत होते. हेडसर बाहेर आले, चष्मा पुसायला लागले, तेव्हा मी मनातल्या मनात बिछाना बांधला. ते म्हणाले, जागा राहिली. पर्मनंट. मंडळींनी विषय काढला तर बप्पा एवढंच म्हणाले म्हणे, "राहू द्या. गोदामाच्या दारावर सोसायटीचं नाव काढायचंय."

मी त्याच दिवशी सासऱ्यांना तार केली. एका शब्दाची.

गोदामाचं दार दोन माणसांच्या उंचीचं. काम मी कमलला दिलं. ती आता नववीत होती. बप्पांना सांगितलं, हात तिचाच चांगला आहे, मी शिडी धरतो. ते समोर खुर्ची टाकून बसले, सकाळी आणि दुपारीही. येणारे-जाणारे सभासद थांबायचे, वर बघायचे, मग बप्पांकडे बघायचे आणि बप्पा काही म्हणत नाहीत म्हणून पुढं जायचे. कमल वर अक्षरं सोडत होती.

तिसऱ्या दिवशी खालच्या फळीवरचं काम आलं. ती शिडीवरून उतरून जमिनीवर बसली. बारीक ठिपके भरायचे होते. बप्पा खुर्चीतून उठून जवळ आले आणि तिच्या मागं उभे राहून वाकून बघायला लागले. सूर्य त्यांच्या पाठीशी होता.

कमलनं कुंचला थांबवला. मान वर न करता म्हणाली, "बप्पा, जरा सरा. तुमची सावली पडायलीय."

मी शिडी घट्ट धरून ठेवली, जरी तिच्यावर कुणी नव्हतं.

बप्पा बाजूला सरले.